हेझलमावशीचा मिट

मित्रांनो, हातमोज्याला पाच बोटे असतात. मला नाहीत. एक अंगठा आणि बाकी सगळा जाडजूड गोल तळवा, असा माझा अवतार आहे. म्हणून मला कोणी ग्लव्ह म्हणत नाही, मिट म्हणतात. मी बेसबॉलच्या कॅचरचा मिट आहे. माझे चामडे आता काळपट पडले आहे, कडेची वादी बदलून झाली आहे. पण वेगाने आलेला चेंडू माझ्यात बसला की जो आवाज निघतो, तो अजून नव्या मिटांना जमत नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरे, थोडी बढाईही आहे.

तुम्ही क्रिकेट खेळत असाल तर कॅचर म्हणजे यष्टिरक्षकाचा अमेरिकेतला सख्खा भाऊ समजा. यष्टिरक्षक यष्टींमागे बसतो, कॅचर होम प्लेट नावाच्या पांढऱ्या फरशीमागे. पिचर चेंडू टाकतो आणि फलंदाजाच्या बॅटीला न लागलेला तो चेंडू कॅचर झेलतो. कोणता चेंडू टाकायचा, हेसुद्धा कॅचरच बोटांच्या खुणांनी पिचरला सांगतो. संघातले बाकी सगळे त्याच्याकडे तोंड करून उभे असतात. पूर्ण मैदान समोर दिसते ते एकट्या त्यालाच. आणि त्याच्या डाव्या हातात मी असतो.

माझा जन्म टेक्ससमधल्या एका कारखान्यात झाला. बैलाचे जाड कातडे कापून, आत लोकरीचा नमदा ठासून एका बाईने मला शिवले. ती शिवताना गुणगुणत असे. मला पुरुषाच्या हाताचे माप दिले होते, कारण बायका कॅचर असतात हे त्या कारखान्याच्या ध्यानीमनीही नव्हते. तिथून मी मिशिगन राज्यातल्या एका दुकानाच्या फळीवर आलो. साल होते एकोणीसशे एकोणपन्नास.

एके दिवशी एक उंच, हाडापेराने मजबूत मुलगी दुकानात शिरली. तिने मला उचलले, हात घातला आणि उजव्या मुठीने माझ्या पोटात असा ठोसा मारला की फळी हादरली.

"भावासाठी हवाय का?" दुकानदाराने विचारले.

"भावाला त्याचा तो घेऊ दे," ती म्हणाली. "हा माझा."

तिचे नाव हेझल. तेव्हा अमेरिकेत मुलींची व्यावसायिक बेसबॉल लीग होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुरुष खेळाडू लढाईवर गेले तेव्हा ती सुरू झाली आणि युद्ध संपल्यावरही चालू राहिली. हेझल तिच्यातल्या एका संघाची कॅचर होती. त्या मुलींना गुडघ्याच्या वर येणारा स्कर्ट घालून खेळावे लागे. घसरत जाऊन तळ, म्हणजे धावताना शिवायचा बेस, गाठायचा तर मांडीची कातडी सोलवटून निघे. हेझल त्यावर औषध लावायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घसरायची.

मला आपल्या हाताचा करायला तिला एक उन्हाळा लागला. ती मला तेल चोळायची, पोटात चेंडू ठेवून दोरीने बांधायची आणि गादीखाली घालून माझ्यावर झोपायची. मनगटाचा पट्टा ढिला होता, त्याला तिने जास्तीचे भोक पाडले. हळूहळू माझ्या तळव्यात चेंडूच्या आकाराची खोल खळगी पडली. ती खळगी हीच मिटची कमाई. मग आम्ही दोघांनी मिळून काय काय झेलले म्हणून सांगू! गर्रकन वळणारे चेंडू, मातीत आपटून उसळणारे चेंडू, दिव्यांच्या झोतातून खाली येणारे उंच झेल. लोक तिकिटे काढून आम्हाला बघायला येत. कॅचरचा उजवा हात उघडा असतो. हेझलच्या उजव्या हाताची दोन बोटे अशी मोडली की ती पुढे कधी सरळ झालीच नाहीत. बोटे बांधून ती पुढच्या डावाला उभी राहिली, तेव्हा तिच्या हातात मी होतो. त्या दिवसाचा अभिमान मला अजून आहे.

एकोणीसशे चोपन्नमध्ये लीग बंद पडली. बघणारे कमी झाले, संघ मोडले. हेझलने लग्न केले. नवरा अर्नी व्हँडरवीन. माणूस गरीब स्वभावाचा. ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावात त्याचे खिळे, स्क्रू, रंगाच्या डब्यांचे दुकान होते. तो तिला एवढेच म्हणाला, "खेळाचं दुकानात नको बोलूस. गिऱ्हाइकं हसतील." हेझल नाही बोलली. आधी दुकानात नाही बोलली, मग शेजारी नाही बोलली, आणि पुढे कुठेच बोलली नाही.

आणि मी? मी तळघरात गेलो. धुण्याच्या यंत्राशेजारी एका खिळ्याला मला टांगले आणि माझ्या त्या कमावलेल्या खळगीत कपडे वाळत घालायचे चिमटे भरले. मित्रांनो, चिमटे काही वाईट नसतात. पण ज्याने वेगवान चेंडू झेलले त्याने चिमटे सांभाळत बसायचे म्हणजे काय, ते माझ्या जागी बसल्याशिवाय कळणार नाही. वाद्या कडक झाल्या. चामड्याला भेगा पडल्या. अशी खूप वर्षे गेली. अर्नीही गेला.

मग एकोणीसशे त्र्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये तळघरातल्या खोलीत एक भाडेकरू आली. मालिनी तिचे नाव. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकून ती इथे पीएच. डी. करायला आली होती. अमेरिकेत वयाने मोठ्या माणसालाही नावाने हाक मारतात, हे तिच्या पचनी पडेना. पहिल्याच आठवड्यात तिने हेझलला विचारले, "मी तुम्हाला मावशी म्हटलं तर चालेल का?"

"म्हणजे काय?"

"आईची बहीण."

हेझलने थोडा विचार केला. "चालेल," ती म्हणाली. "मला कुणी बहीणही नव्हती आणि भाचीही नाही."

थंडी पडली तशी मालिनी तळघरातच दोरी बांधून कपडे वाळत घालू लागली. एकदा चिमटे काढता काढता तिचा हात थांबला. तिने सगळे चिमटे ओतून दिले, मला खिळ्यावरून उतरवले आणि हात घातला. हात लहान होता, पण तळव्याला घट्टे होते. ती खाली वाकली, उकिडवी बसली, टाचा किंचित उचलल्या आणि मला जमिनीलगत पुढे धरले.

जिन्यावर हेझल कपड्यांची टोपली घेऊन उभी होती. "असं बसायला तुला कुणी शिकवलं?"

मालिनी दचकून उठली. "सॉरी मावशी. मी घरी विकेटकीपर होते. क्रिकेटमध्ये. महाराष्ट्राच्या मुलींच्या टीममध्ये. हा काकांचा का?"

"अर्नीचा? त्याला फेकलेला टॉवेल झेलता यायचा नाही," हेझल म्हणाली. ती पायरीवर बसली. टोपली मांडीवर तशीच होती. आणि तीस वर्षे जे कुणाला सांगितले नव्हते ते तिने त्या सांगलीच्या मुलीला सांगितले. शेवटी म्हणाली, "हे आपल्यात ठेव. आता ह्या वयात लोकांना हसवायची मला इच्छा नाही."

त्या आठवड्यात मला तेल मिळाले. किती वर्षांनी! मी ते अधाशासारखे प्यायलो. नव्या वाद्या ओवल्या गेल्या. वसंत येईपर्यंत मी पुन्हा मऊ झालो आणि घरामागच्या गवतावर दोघींचा खेळ सुरू झाला. एकीने टाकायचे, दुसरीने झेलायचे. मालिनी सुरुवातीला दोन्ही हात पुढे करायची, क्रिकेटची सवय.

"दुसरा हात पाठीमागे!" हेझल ओरडायची. "जॉनी बेंचकडे बघ. एका हातात सात चेंडू धरायचा, एवढा मोठा पंजा, पण झेलताना उजवा हात पाठीमागे लपवायचा. बोटं हवीत ना तुला प्रबंध लिहायला?"

हेझलची शिकवण्याची रीत अशीच होती. प्रत्येक गोष्टीला एक कॅचर. खाली वाकायचा कंटाळा केला की रॉजर ब्रेस्नहानची गोष्ट निघायची. त्याने पहिल्यांदा नडगीला पॅड बांधून मैदानात पाऊल ठेवले तेव्हा लोकांनी त्याची टर उडवली होती. पुढे सगळेच कॅचर पॅड बांधू लागले. अभ्यासाचा कंटाळा केला की मो बर्गची गोष्ट. तो कॅचर कितीतरी भाषा शिकला होता आणि महायुद्धात त्याने देशासाठी हेरगिरी केली. आणि फ्लीट वॉकर तर याच ॲन आर्बरच्या विद्यापीठात शिकलेला. एकोणीसशे नव्हे, अठराशे चौऱ्याऐंशीत तो मोठ्या लीगमध्ये कॅचर म्हणून खेळला. तो काळा होता म्हणून त्याच्याच संघातला एक पिचर त्याच्या खुणा मानत नसे. कोणता चेंडू येणार हे माहीत नसताना वॉकर ते चेंडू झेलत असे. त्यानंतर मोठ्या लीगची दारे काळ्या खेळाडूंना साठ वर्षांवर बंद राहिली. जॉश गिब्सनसारखा कॅचर, ज्याच्या फटक्यांच्या कथा आजही सांगतात, तोसुद्धा बाहेरच राहिला आणि दार उघडायच्या थोडे आधी वारला.

हेझल हे सांगायची तेव्हा मालिनी चेंडू जोरात फेकायची.

त्याच वर्षी मालिनी पीएच. डी.च्या पात्रता परीक्षेत नापास झाली. ती तळघरात बॅग भरायला बसली. हेझल खाली आली. तिने बॅगेकडे पाहिले. पलंगाच्या कडेला बसून तिने रॉय कॅम्पानेलाची गोष्ट सांगितली. तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला कॅचर. मोटारीच्या अपघातात मान मोडली, पुन्हा कधी चालू शकला नाही. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसच्या मैदानावर त्याच्यासाठी सामना झाला. नव्वद हजारांहून जास्त माणसे आली. मधेच मैदानाचे सगळे दिवे घालवले, त्याला चाकांच्या खुर्चीवरून मध्ये आणले आणि त्या सगळ्या लोकांनी काड्या पेटवून हातात धरल्या.

"त्याचं पुढे काय झालं?" मालिनीने विचारले.

"अजून आहे. तरुण कॅचरना शिकवतो," हेझल म्हणाली. "परीक्षा पुन्हा कधी आहे?"

"सप्टेंबरात."

"मग बॅग सप्टेंबरात भर."

सप्टेंबरात बॅग भरावी लागली नाही.

ऑक्टोबर चौऱ्याऐंशीत डेट्रॉइटचा टायगर्स संघ वर्ल्ड सीरिज, म्हणजे बेसबॉलची अजिंक्यपदाची मालिका, जिंकला आणि आख्खे मिशिगन नाचू लागले. शेवटच्या सामन्यात त्यांच्या लान्स पॅरिश या कॅचरने होम रन, म्हणजे बेसबॉलमधला षटकार, मारली. मग काय, ज्याच्या त्याच्या तोंडी कॅचर! गावातल्या एका चर्चच्या सभागृहात शनिवारी दुपारी प्रश्नमंजुषा ठरली, तीही फक्त कॅचर या विषयावर. तिघा-तिघांचे संघ. प्रश्न विचारणार होता रे कोवाल्स्की, रेडिओवर सामन्यांचे वर्णन करणारा, तरुणपणी स्वतः छोट्या लीगमध्ये पिचर असलेला दांडगा माणूस. आमच्या संघात हेझल, मालिनी आणि तिच्या प्रयोगशाळेतला नागपूरचा श्रीरंग. त्या सकाळी अंगणात खेळ झाला होता, म्हणून मी चेंडूसकट मालिनीच्या पाठपिशवीतून अर्धा बाहेर डोकावत होतो. त्यामुळे सगळे मला दिसले आणि ऐकू आले.

आमच्या संघाने काय झोडपले म्हणता! नडगीचे पॅड कुणी आणले? वर्ल्ड सीरिजमध्ये एकही फलंदाज तळावर पोहोचू न देणारा सामना झाला, त्यात चेंडू कुणी झेलले? योगी बेरा! अडुसष्टच्या सीरिजमध्ये धावत आलेल्या लू ब्रॉकला प्लेट अडवून बाद कुणी केले? बिल फ्रीहान, हाही याच विद्यापीठातला! श्रीरंगला बेसबॉलमधले ओ की ठो कळत नव्हते, तो नुसता घंटा वाजवायचा. शेवटी दोन संघ बरोबरीत आले. कोवाल्स्कीने चष्मा सरसावला.

"शेवटचा प्रश्न. उत्तर दोन्ही संघांनी द्यायचं. मिशिगनमधल्या व्यावसायिक संघाचा मॅनेजर झालेल्या एका कॅचरचं नाव सांगा."

दुसऱ्या संघाने लगेच सांगितले, "मिकी कॉक्रन, डेट्रॉइट टायगर्स."

"शाबास! आणि तुमचं?"

"कॉक्रन," हेझल पुटपुटली. "तेच सांग."

मालिनी उठून उभी राहिली. "मेरी बेकर," ती म्हणाली. "कलामाझू. एकोणीसशे पन्नास."

श्रीरंगने कपाळावर हात मारला. "अगं, वेडी आहेस का? ॲन्सर कॉक्रन आहे यार! मावशींनी आत्ता सांगितलं ना!"

सभागृहात कुणीतरी हसले आणि ते हसणे खोलीभर झाले. कोवाल्स्कीही हसला. "मेरी? बाई, आपण बेसबॉलबद्दल बोलतोय. स्कर्ट घालून मुली खेळायच्या ते मला माहीत आहे. ती करमणूक होती. तो काही खरा बेसबॉल नव्हे."

मालिनी खाली बसली नाही. "तुम्ही व्यावसायिक संघ म्हणालात. तो व्यावसायिक होता. तुम्ही कॅचर म्हणालात. ती कॅचर होती. मिशिगन म्हणालात. कलामाझू मिशिगनमध्येच आहे."

"पण त्या मुलींना खेळताना बघितलंय कुणी इथे?"

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. हेझल उभी राहिली होती.

"मी," ती म्हणाली. "मी तिच्याविरुद्ध खेळलेय. मीही कॅचरच होते." आणि तिने उजवा हात वर केला. ती दोन वाकडी बोटे सगळ्यांना दिसली. "ही करमणुकीत मोडलेली नाहीत."

आता कुणी हसत नव्हते. कोवाल्स्की तिच्या बोटांकडे बघत राहिला. पिचर होता तो. ती बोटे कशाची, हे त्याला कुणी सांगायला नको होते. पण सगळ्यांसमोर माघार कशी घ्यायची? तो अर्धवट थट्टेने म्हणाला, "मग मी टाकलेला झेलाल?"

"तुला अजून टाकता येत असेल तर," हेझल म्हणाली.

सगळे सभागृह बाहेर गाड्या लावायच्या जागेत लोटले. कोवाल्स्कीने गाडीतून आपला ग्लव्ह आणला. मालिनीने मला हेझलच्या हाती दिले आणि हळूच म्हणाली, "मावशी, गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. बाजूला हो."

हेझलने मुखवटा नसताना, पॅड नसताना, चर्चला जायच्या चांगल्या स्कर्टमध्ये उकिडवी बैठक मारली. माझ्या आत तिने बोटे दोनदा मिटली आणि उघडली. अंगणातल्या खेळात तिने असे कधी केले नव्हते, मित्रांनो. सामन्याच्या आधी मात्र नेहमी करायची. मी ती खूण ओळखली.

पहिला चेंडू कोवाल्स्कीने हलकेच टाकला, लहान मुलाला टाकावा तसा. हेझलने तो झेलला आणि बसल्या जागेवरून असा परत फेकला की त्याच्या ग्लव्हमध्ये चटका बसला असेल. "मी इथे बाळ खेळवायला बसलेली नाही," ती म्हणाली.

दुसरा चेंडू त्याने खरा टाकला. आला, आला, आणि धाडकन माझ्या खळगीत बसला. तो आवाज चर्चच्या विटांवर आपटून परत आला. एवढ्या वर्षांत मी तो ऐकला नव्हता. चिमट्यांची सगळी वर्षे त्या एका आवाजाने पुसून निघाली.

तिसरा वळणारा होता. तो हातून निसटला असावा. चेंडू प्लेटच्या जागेआधीच डांबरावर आपटला आणि वेडावाकडा उसळला. बघणारे मागे सरले. हेझल सरली नाही. तिने दोन्ही गुडघे डांबरावर टेकले, मला पायांच्या मध्ये आडवे धरले, हनुवटी छातीला लावली आणि चेंडू अंगावर घेतला. तो तिच्या समोरच मेल्यासारखा पडला. तिने तो उचलला आणि गुडघ्यांवरूनच कोवाल्स्कीच्या छातीवर सरळ फेकला.

त्याने चेंडू झेलला, ग्लव्ह काढून काखेत धरला आणि चालत तिच्यापाशी आला. "मॅडम," तो म्हणाला, "इतकी वर्षं तुम्ही होतात कुठे?"

"दुसऱ्या गल्लीत. तुला खिळे विकत होते," हेझल म्हणाली. "आता कुणीतरी मला उठवा. हे काम पूर्वी एकटीला जमायचं."

एका बाजूने मालिनीने आणि दुसऱ्या बाजूने कोवाल्स्कीने तिला उठवले. गुडघे सोलवटून रक्त आले होते. आत जाऊन त्याने माइक हातात घेतला आणि स्वच्छ शब्दांत सांगितले, की दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, आणि चूक प्रश्न विचारणाऱ्याची होती. बक्षीस होते भलेमोठे ॲपल पाय. ते दोन्ही संघांनी तिथेच वाटून खाल्ले. श्रीरंगने सगळ्यांत मोठा तुकडा घेतला. "घंटा मी वाजवली ना!" तो म्हणाला.

घरी जाताना गाडीत मी हेझलच्या मांडीवर होतो.

"तू मला विचारलं नाहीस," हेझल मालिनीला म्हणाली.

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात."

"हो. म्हणजे बरं केलंस."

पुढच्या वसंतात गावातल्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघाने हेझलला कॅचर शिकवायला बोलावले. ती गुडघ्यांना पट्टे बांधून गेली. तिचा नियम कडक होता. मला हातात घालण्याआधी प्रत्येक मुलीने एका कॅचरची गोष्ट सांगायची. कुणी गिब्सन सांगे, कुणी कॅम्पानेला. एक दिवस एका मुलीने हेझल व्हँडरवीनचीच गोष्ट सांगितली. हेझलने दोनदा स्वतःचे नाक शिंकरले आणि मगच मला तिच्या हाती दिले. मालिनीही गावातल्या बायकांच्या संघात कॅचर झाली. प्रबंध आणि बेसबॉल तिने एकाच उत्साहाने रेटले. कितीतरी हातांनी मला वापरले. मी पुन्हा झिजलो, आणि झिजण्यात मला फार सुख वाटले.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात मालिनी डॉक्टर झाली आणि मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत तिला नोकरी लागली. त्याच सुमाराला एका छोट्या संग्रहालयाचा फोन आला. मुलींच्या लीगच्या आठवणी ते जमवत होते. काचेच्या पेटीत ठेवायला त्यांना मी हवा होतो. खरे सांगतो, मला मोह पडला. काच, दिवा, खाली माझे नाव लिहिलेली पाटी! कोणत्या मिटला नको असेल?

मालिनीही म्हणाली, "मावशी, द्या ना. कितीतरी लोक बघतील."

"बघतील," हेझल म्हणाली. "झेलणार कोण?"

तिने फोनवरच्या माणसाला सांगितले, "स्कर्ट पाठवते. तो काचेत खुशाल टांगा, तो मला कधीच आवडला नव्हता. मिट नाही मिळणार. तो कामावर आहे."

कामावर आहे! मित्रांनो, माझ्याबद्दल इतके चांगले कुणीच कधी बोलले नव्हते. काचेची पेटी मी त्याच क्षणी विसरलो.

मालिनी निघाली त्या सकाळी हेझलने मला तिच्या गाडीत पुढच्या सीटवर ठेवले आणि सामानाला बांधतात तसा वरून पट्टा लावला. मालिनी खाली वाकून तिच्या पाया पडली. हेझलला ते माहीत नव्हते. तिला वाटले, चेंडू पडला म्हणून ही वाकली. मग मालिनीने समजावले, तेव्हा हेझलने तिला छातीशी धरले. "वर्षातून दोनदा तेल," ती म्हणाली. "आणि तुझाही फोन."

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात कूपर्सटाउनच्या बेसबॉल संग्रहालयात बायकांच्या बेसबॉलचे दालन उघडले. हेझल जुन्या मैत्रिणींबरोबर बसने तिथे गेली. परत आल्यावर तिने फोन केला. मालिनी स्वयंपाकघरात मला तेल चोळत होती. फोन कानाशी आणि मी मांडीवर.

"आमची लीग आता तिथे आहे, बाळा," हेझल सांगत होती. "लोक वाचत होते. एक आजोबा आपल्या नातीला वाचून दाखवत होते."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"मी? मी त्या पोरीला कसं बसायचं ते शिकवलं. तिथेच, संग्रहालयात. दोन पहारेकऱ्यांनी मिळून मला उठवलं."

मालिनी इतकी हसली की तेलाची बाटली कलंडली. सगळे माझ्यावरच सांडले. मी तक्रार केली नाही.

मित्रांनो, आता माझे ऐका. तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू खिळ्याला टांगलेली असेल. तिच्यात चिमटे भरण्याआधी ती कुणाची होती आणि काय करत होती, हे विचारा. ज्यांना विचाराल ती माणसे आधी "काही नाही गं, जुनं आहे" असेच म्हणतील. तरी विचारा. मग तिला थोडे तेल लावा, धूळ पुसा आणि शक्य असेल तर पुन्हा कामाला लावा. आम्हाला देव्हारा नको. आम्हाला हात हवा.

आज ईडन प्रेरीत बर्फ वितळून पहिले गवत आले आहे. पट्ट्याच्या जास्तीच्या भोकात बकल अडकवून मालिनी प्लेटमागे उकिडवी बसली आहे. समोर पूर्ण मैदान पसरले आहे, आणि ते तिच्याइतके मलाही दिसते आहे. तिने दोन बोटांची खूण केली. पिचरने मान डोलावली, हात मागे नेला.

थांबा हं. मला उघडायला हवे.